एकटंच देश सोडून आलेल्या मुलाला आधी काय लागतं? उल्हासनगर, वळिवडे आणि आजचा कायदा

उल्हासनगर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तर आधी कॅम्पचा नंबर सांगावा लागतो. एक ते पाच, यांपैकी कोणता? दुसरं महायुद्ध संपून ऐंशी वर्षं झाली, लष्कर गेलं, निर्वासित आले, त्यांची पतवंडं कॉलेजात गेली, शहराला महापालिका मिळाली. 'कॅम्प' हा शब्द मात्र गेला नाही.

कल्याणजवळची ही छावणी ब्रिटिशांनी युद्धकाळात सैनिकांसाठी उभारली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच बराकींमध्ये ठेवण्यात आलं. जवळपास एक लाख माणसं इथे राहायला आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या गावाची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं.

एका बराकीत अनेक कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे, नळावर रांगा. शाळेच्या वयाची पोरं लोकलमध्ये फिरून गोळ्या-बिस्किटं विकायची. हाल कमी नव्हते. पण सिंधमधून लोक बहुतेक करून कुटुंबाने, कधी सगळ्या मोहल्ल्याने निघाले होते. ६ जानेवारी १९४८ च्या कराची दंगलीनंतर घाईने निघालेल्यांनीही शक्यतो मुलाबाळांना सोबत घेऊनच जहाज किंवा गाडी पकडली. त्यामुळे लोकलमध्ये दिवसभर फिरून आलेल्या पोराला रात्री 'इतका वेळ कुठे होतास?' असं विचारणारं कुणीतरी बराकीत होतं.

हा प्रश्न विचारणारं माणूसच नसेल तर काय होतं? जगभरात एकट्याने देश सोडणाऱ्या मुलांबाबत हीच खरी अडचण आहे. छप्पर आणि जेवण यांची सोय त्यामानाने लवकर होते.

'एकटं' म्हणजे अनाथच असं नाही

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या, म्हणजे यूएनएचसीआरच्या आकडेवारीनुसार जगात जबरदस्तीने घर सोडावं लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक १८ वर्षांखालचे आहेत. यातली बहुतेक मुलं आईवडिलांसोबत असतात. काही मात्र सोबतीविना येतात. कामाच्या दृष्टीने त्यांचे दोन गट केले जातात. एका गटात कुणीही मोठं माणूस सोबत नसलेली मुलं असतात. दुसऱ्यात आईवडिलांपासून तुटलेली, पण काका, मावशी, आजी अशा नातेवाइकांसोबत आलेली मुलं असतात.

या दोन्ही गटांतल्या अनेक मुलांचे आईवडील जिवंत असतात. कुणाचे वडील सैन्यात असतात, कुणाची आई सीमेपलीकडे अडकलेली असते, कुणी स्वतःहून 'निदान पोर तरी वाचेल' म्हणून लेकराला पुढे पाठवलेलं असतं. म्हणूनच युद्धाच्या किंवा पळापळीच्या काळात मुलं दत्तक देण्याची घाई करू नये, आधी कुटुंबाचा शोध घ्यावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. रेड क्रॉसचा हरवलेली माणसं शोधण्याचा विभाग हेच काम करतो. मूल सांगेल ते गावाचं नाव, शाळेचं नाव, आईचं लाडाचं नाव, सगळं पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवलं तर वर्षांनंतर त्याचा उपयोग होतो. लहान मुलं विसरतात, आणि विसरलं की तो धागा कायमचा तुटतो.

महाराष्ट्राने हे आधी केलंय

अशी मुलं महाराष्ट्रात मोठ्या संख्येने राहून गेली आहेत, तीही उल्हासनगरच्या आधी. ही मुलं पोलंडची होती.

१९३९ मध्ये पोलंडचे दोन तुकडे झाले. पूर्वेकडचा भाग सोव्हिएत रशियाने घेतला आणि १९४० पासून तिथल्या लाखो माणसांना सायबेरिया, कझाकस्तानकडे हाकलून दिलं. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर चित्र बदललं. पोलिश कैद्यांना सोडण्याचा करार झाला आणि ही माणसं दक्षिणेकडे निघाली. वाटेत उपासमार आणि टायफसने आईवडील गेले. मागे राहिलेल्या मुलांना ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता.

नवानगरचे, म्हणजे जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली. मुलांची पहिली तुकडी ट्रकने इराण ओलांडून, क्वेट्टामार्गे १९४२ च्या वसंतात मुंबईत आली आणि काही महिने वांद्र्यात राहिली. मग समुद्रकाठच्या बालाचडीला त्यांच्यासाठी छावणी बांधली गेली. तिथे राहून गेलेल्या मुलांचा आकडा सहाशे ते एक हजार असा वेगवेगळा दिला जातो. मुंबईतल्या पोलिश वकिलातीचे प्रमुख युजेनियुश बानासिन्स्की आणि पोलिश रेड क्रॉसचं काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा यांनी या सगळ्यासाठी बरीच धावपळ केली. किरा बानासिन्स्का पुढे भारतातच राहिल्या.

१९४३ मध्ये कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या काठी वळिवडे इथे याहून कितीतरी मोठी छावणी सुरू झाली. सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यात बहुतांश बायका आणि मुलं. एकट्या मुलांसाठी तिथे वेगळं अनाथालय होतं. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तिथली मुलंही वळिवड्याला आणली गेली.

छावणीत चर्च, दवाखाना आणि नाटकाचा रंगमंच होता. प्राथमिकपासून वरच्या वर्गांपर्यंत पोलिश भाषेतली शाळा होती. शिक्षक निर्वासितांमधलेच होते. पुस्तकं कमी असायची, तेव्हा फळ्यावरून उतरवून घ्यायची. शाळेइतकंच महत्त्व बालवीर-वीरबाला पथकांना होतं. गणवेश, शेकोटी, सहली, गाणी, आणि मोठ्या मुलामुलींकडे लहानांच्या गटाची जबाबदारी. तेरा-चौदा वर्षांची मुलगी सात-आठ जणींच्या गटाची प्रमुख असायची. आज मानसोपचारतज्ज्ञ अशा कामाला भारदस्त नावं देतात. तेव्हा ती साधी रोजची सवय होती. मुलाला वेळापत्रक मिळालं, आपलं म्हणावं असं टोळकं मिळालं आणि दुसऱ्याची काळजी घ्यायची संधी मिळाली.

उपासमारीतून आलेली मुलं पोटभर मिळत असतानाही पावाचे तुकडे उशीखाली लपवून ठेवतात. अनेक देशांच्या छावण्यांमध्ये हे दिसलेलं आहे. ओरडून ती सवय जात नाही. उद्याही जेवण मिळणार, हे पुरेसे दिवस अनुभवल्यावरच जाते.

युद्ध संपल्यावर खरी कसोटी लागली. पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट आली आणि एकट्या मुलांना परत पाठवण्याची मागणी झाली. मुलं पळून आली होती ती सोव्हिएत छळातूनच. पालक नसलेल्या मुलाच्या वतीने नाही म्हणणार कोण? तेव्हा जामसाहेब, छावणीचे प्रमुख फादर फ्रान्चिशेक प्लुता आणि ब्रिटिश अधिकारी जेफ्री क्लार्क यांनी मिळून काही मुलांचं कायदेशीर दत्तकपालकत्व घेतलं. ही मुलं राजवाड्यात वाढवण्यासाठी घेतलेली नव्हती. कागदावर एक पालक असावा, म्हणजे त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांना कुणी कुठे पाठवू शकणार नाही, एवढाच हेतू होता. बरीच मुलं पुढे अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात गेली.

वळिवड्याची छावणी १९४८ मध्ये रिकामी झाली आणि त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले. ते आजचं गांधीनगर, कोल्हापूरची कापडाची बाजारपेठ. म्हणजे उल्हासनगर आणि गांधीनगर ही दोन्ही गावं दुसऱ्यांसाठी बांधलेल्या बराकींमध्ये वसलेली आहेत. वळिवड्यात वाढलेल्यांनी ब्रिटनमध्ये संघटना काढली आणि म्हातारपणीही कोल्हापूरच्या फेऱ्या केल्या. वॉर्सामध्ये जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे आणि कोल्हापूरच्या आठवणीचं स्मारकही. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दोन्ही ठिकाणी भेट दिली, तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेकांना ही गोष्ट पहिल्यांदा कळली.

पोलिश मुलांनंतर भारतात एकट्या मुलांची मोठी लाट आली ती तिबेटमधून. १९६० मध्ये धरमशाळेत सुरू झालेल्या बालगृहातून पुढे 'तिबेटियन चिल्ड्रन्स व्हिलेज' उभं राहिलं. तिथे मोठं वसतिगृह करण्याऐवजी छोटी घरं केली गेली. प्रत्येक घरात वेगवेगळ्या वयाची मुलं आणि त्यांची एक गृहमाता. आईवडिलांनी हिमालय ओलांडून पाठवलेली कित्येक मुलं या घरांमध्ये मोठी झाली. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे.

आज असं मूल अंबरनाथला उतरलं तर?

समजा रात्री साडेअकराच्या कर्जत लोकलमधून चौदा वर्षांचा मुलगा अंबरनाथला उतरला. मराठी, हिंदी येत नाही, कागदपत्रं नाहीत, सोबत कुणी नाही. पुढे काय?

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. कागदपत्रांविना आलेल्या मोठ्या माणसाकडे परदेशी नागरिकांच्या कायद्याच्या नजरेतून पाहिलं जातं. त्या जुन्या कायद्यांची जागा आता २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. पण मुलाच्या बाबतीत आणखी एक दार उघडं असतं. भारताने बालहक्क संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्यात 'बालक' म्हणजे १८ वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती, एवढंच म्हटलंय. त्या व्याख्येत नागरिकत्वाची अट नाही.

म्हणून स्टेशनवरच्या माणसाने करायची पहिली गोष्ट सोपी आहे. १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन, ११२, किंवा रेल्वेच्या हद्दीत १३९ यांपैकी एका नंबरवर फोन करायचा किंवा आरपीएफच्या जवानाला सांगायचं. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मुलाला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही गावं ठाणे जिल्ह्यात येतात. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मूल कुठे ठेवायचं, हे ही समिती ठरवते. ते पोलिसांच्या किंवा मुलाला घेऊन आलेल्या सज्जनांच्या हातात नसतं. 'मी त्याचा काका' असं म्हणणारा कुणी आला तरी चौकशीशिवाय मूल त्याच्या ताब्यात देता येत नाही. मानवी तस्करीतले लोक बहुतेक वेळा काकाच असतात.

वयावरून इथे बराच घोळ होतो. कायद्याने आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पाहायचं, ते नसेल तर जन्मदाखला आणि दोन्ही नसेल तरच वैद्यकीय चाचणी करायची. पळून आलेल्या मुलाकडे पहिल्या दोन गोष्टी नसतातच. हाडांच्या चाचणीत एक-दोन वर्षांचा फरक सहज पडू शकतो. सोळाचं मूल अठराचं ठरलं तर बालगृहाऐवजी थेट परदेशी नागरिक म्हणून कारवाई, इतका मोठा फरक त्या एका आकड्याने होतो.

आणि फोटो?

असं मूल दिसलं की मोबाइल बाहेर निघतो. 'हे मूल कुणाचं असेल तर कृपया शेअर करा.' हेतू चांगला असतो, पण बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. निर्वासित मुलाच्या बाबतीत धोका आणखी मोठा असतो. ते ज्यांच्यापासून पळालंय, त्यांच्याही हातात मोबाइल असतोच. मागे राहिलेल्या आईवडिलांवर त्या फोटोचा राग निघू शकतो.

शाळा, भाषा आणि गप्प बसलेलं मूल

सहा ते चौदा वयाच्या मुलाला जन्मदाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठीही अडवू शकत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा हे सांगतो. वयाला योग्य त्या वर्गात बसवायचं आणि मागे पडलेल्याला विशेष प्रशिक्षण द्यायचं, असंही त्यात आहे. प्रत्यक्षात मुख्याध्यापक ऑनलाइन प्रणालीतला आधारचा रकाना दाखवतात आणि गाडी तिथेच अडकते. यूएनएचसीआरने दिलेलं कार्ड भारत सरकारच्या ओळखपत्रांत धरलं जात नाही. अशा वेळी बालकल्याण समितीचा लेखी आदेश बरोबर असेल तर शाळेशी बोलणं सोपं जातं.

भाषेबाबत लोकांचा एक पक्का समज असतो की नवीन देशात आलंय तर आधी जुनी भाषा विसरायला लावा, म्हणजे लवकर रुळेल. वळिवड्यात याच्या उलट झालं. पोलिशमधून शिकलेली मुलं पुढे इंग्रजी बोलणाऱ्या देशांत जाऊन नीट स्थिरावली. उल्हासनगरनेही सिंधी माध्यमाच्या शाळा काढल्या, कॉलेजं काढली. सिंधीचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश व्हायला १९६७ साल उजाडलं, पण तोवर इथल्या मुलांची एक पिढी सिंधीत शिकून, मराठी-हिंदीत व्यापार करून मोकळी झाली होती. मुलाला दोन्ही भाषा लागतात. नवी भाषा बाजारासाठी आणि वर्गासाठी, जुनी रडण्यासाठी. आई सापडली तर तिच्याशी बोलायलाही जुनीच भाषा लागणार.

दुभाष्या निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. तीच भाषा बोलणारा माणूस मुलाला छळणाऱ्या गटातला असू शकतो. मूल अचानक गप्प झालं तर आधी दुभाष्या बदलून पाहावा.

आणि कहाणी पुन्हा पुन्हा सांगायला लावू नये. पोलीस एकदा विचारतात, समिती एकदा, डॉक्टर एकदा, मग संस्थेचे कार्यकर्ते, मग भेट द्यायला आलेले पाहुणे. एकाच अधिकाऱ्याने शांतपणे विचारून लिहून घ्यावं आणि बाकीच्यांनी ते वाचावं. भावंडं असतील तर त्यांना वेगळं करू नये, मुलगा-मुलगी म्हणून दोन वेगळ्या बालगृहांत टाकलं तरी भेटींचा वार ठरलेला असावा. हे बोलायला फुकट आहे, करायला कुणाला तरी बस पकडून जावं लागतं.

त्याच्या बाजूने भांडणार कोण?

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूरमध्ये संतप्त पालक आणि नागरिक रेल्वे रुळांवर उतरले. शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराची तक्रार वेळेवर घेतली गेली नाही, असा त्यांचा आरोप होता. लोकल कित्येक तास बंद राहिल्या. त्या दिवशी मुलींच्या बाजूने आई, बाप, शेजारी, अख्खं गाव उभं होतं. बालगृहातल्या एकट्या परदेशी मुलावर अन्याय झाला तर रुळावर कुणीही उतरणार नाही. त्याची भाषा अधीक्षकालाही येत नसते.

म्हणून काही देशांनी 'नावाने नेमलेला पालक' ही व्यवस्था केली आहे. नेदरलँड्समध्ये एकट्या आलेल्या प्रत्येक मुलासाठी निडोस ही संस्था कायदेशीर पालकत्व घेते. इटलीने २०१७ च्या कायद्यात एक पाऊल पुढे टाकलं. तिथे साधे नागरिक, शिक्षक, निवृत्त कर्मचारी प्रशिक्षण घेऊन स्वेच्छेने पालक होतात. मूल त्यांच्या घरी राहायलाच हवं असं नाही. शाळेच्या पालकसभेला जाणं, वकिलाला फोन करणं, दवाखान्यात सही करणं, 'आज जेवलास का' विचारणं, एवढं त्यांचं काम.

भारतात याला जवळचं असं काही कायद्यात आहे. समिती एखाद्या 'योग्य व्यक्ती'कडे मूल सोपवू शकते, प्रतिपालक कुटुंबात ठेवू शकते आणि प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक काळजी आराखडा करावा लागतो. 'मिशन वात्सल्य'मध्ये प्रायोजकत्वासाठी महिना ४००० रुपयांची तरतूद आहे, राज्याच्या बालसंगोपन योजनेत २२५० रुपये मिळतात. पण या योजना इथल्या कुटुंबांसाठी आखलेल्या आहेत. रहिवासी दाखला, रेशनकार्ड, बँक खातं मागणाऱ्या अर्जात परक्या देशातून आलेलं मूल बसत नाही. शिवाय आराखडा लिहिणारा एकच परिविक्षा अधिकारी कित्येक मुलांची कामं पाहत असतो.

अठरावा वाढदिवस

बाकीच्या मुलांना अठराव्या वाढदिवसाला केक मिळतो, या मुलांना बालगृह सोडण्याचा कागद मिळतो. त्या दिवसापासून कायद्याच्या लेखी ते बालक नसतं, परदेशी नागरिक असतं. बाल न्याय कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या मदतीची सोय २१ वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत आहे. ती आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. यूएनएचसीआरकडे नोंदणीही दिल्लीतल्या कार्यालयामार्फत करावी लागते. अठरा पूर्ण होण्याच्या आधी वर्षभर ही कामं सुरू झाली नाहीत तर नंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

उल्हासनगरमध्ये पाकिस्तानातून आलेली आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारी सिंधी कुटुंबं आजही आहेत. नागरिकत्वाच्या अर्जासाठी कोणता कागद कुठून आणायचा, कोणत्या कार्यालयात कोणत्या वारी जायचं, हे त्यांना शेजारच्या बराकीतल्या आजोबांनी सांगितलेलं असतं, कारण ते आजोबा स्वतः कधीतरी त्याच रांगेत उभे होते.